बेटाचा रस्ता आम्हीच फोडला

आमच्या धरणाच्या पाण्यात एक बेट हाय. झाड नाय, झुडूप नाय, नुसता मुरूम आन गोटे. पावसाळ्यानंतर पाणी चढलं की चार खळ्यांएवढं उरतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाढत जातं. नवा माणूस बघतो आन म्हणतो, या बोडक्या उंचवट्यात काय हाय? पण होळीच्या सुमाराला तिथं पांढरे पक्षी येतात. डोकं काळं, जशी टोपी घातली. चोच हळदीवानी पिवळी. शेपूट कात्रीसारखं दुभंगलेलं. वनखात्याची माणसं त्याला सुरय म्हणतात. आमच्यात कुणी नाव ठेवलं नव्हतं. हा पक्षी काडी आणत नाय, घरटं बांधत नाय. मुरमात पोटानं खळगी करतो आन तिथंच अंडी घालतो, गोट्यासारखीच, ठिपक्या-ठिपक्यांची. पाय कुठं टाकावा कळत नाय.

ते बेट म्हणजे आमच्या जुन्या गावाची टेकडी. गाव पाण्याखाली गेलं, टेकडीचं डोकं तेवढं वर राहिलं.

मला सही येती, तेवढीच. हे सून लिहून घेती, ती बारावी झालेली हाय. तिला म्हणलं, मी सांगते तसं लिही, सुधारत बसू नको.

बहात्तरच्या दुष्काळात माझं लगीन होऊन वर्ष झालं नव्हतं. वय असंल चौदा-पंधरा. सासरी आले आन तिसऱ्या महिन्यात कणगी झाडून निघाली. मंग थोरली जाऊ आन मी, दोघी दुष्काळी कामावर गेलो. काम काय, तर टेकडीचा दगड फोडायचा आन टेकडीपासून वरच्या माळापर्यंत भराव घालून रस्ता करायचा. टेकडीवर कुणाचं घर नव्हतं, देऊळ नव्हतं. रस्ता कुणासाठी, हे कुणी विचारलं नाय. लोकांच्या पोटाला काम पायजे व्हतं, म्हणून रस्ता.

सकाळी मिलोची भाकर. लाल ज्वारी ती, बाहेर देशातून आलेली, तोंडात वाळूसारखी फिरायची. दुपारी सुकडी, सरकारनं वाटलेला पिठाचा खाऊ. ती गोड असायची, म्हणून सुकडीची वाट बघत हातोडा चालायचा. हाताला फोड यायचा, फुटायचा, त्याच्यावर परत फोड. डोळ्यात कपची जाऊन एका बाईचा डोळा गेला. ती दुसऱ्या आठवड्यात एका डोळ्यानं परत कामावर.

पण काम आम्ही शिकलो. दगडकामातला एक जुना म्हातारा व्हता, त्यानं आम्हाला दगड बसवायला शिकवलं. म्हणायचा, "पोरींनो, दगडालाबी बूड असतं. ते वळखा. बूड खाली, टोक वर, आन दोन टोकांच्या मधी चिप अशी मारा की बोटानं हलली नाय पायजे." तो मागून यायचा आन काठीनं दगड उचकून बघायचा. माझे दगड हलायचे नाय. हे मी बढाई म्हणून सांगत नाय. तो रस्ता अजून हाय, जाऊन बघा.

रस्ता झाला आन काही वर्षांनी धरणाचं काम निघालं. गाव वर माळावर आलं. आमची जमीन, विहीर, रस्ता, सगळं पाण्यात. ज्यांनी बसवला त्यांना त्याच्यावरून धड दहा पावसाळेबी चालायला मिळालं नाय. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो रस्ता वर यायचा, माळापासून बेटापर्यंत सरळ, मगरीच्या पाठीसारखा. थोरली जाऊ काठावर उभी राहून म्हणायची, "बघ गं धाकटे, एक दगड हलला नाय. इतकी वर्सं पाण्यात हाय. आत्ताचे डांबराचे रस्ते एका पावसात जातात."

आयुष्यात तिनं फुशारकी मारावी अशी ती एकच गोष्ट. मी काय बोलायची नाय. न बोलायला कारण व्हतं, ते पुढं सांगते.

जमीन गेल्यावर मालक मासेमारीच्या जाळ्याला लागले. शेतकरी माणूस, पाण्याला भ्यायचे, तरी लागले. पुढं काविळीनं गेले. मुलगा तवा सहावीत. मंग मी जाळं घेतलं. थर्माकोलचा तराफा, वर गोणपाट, त्याच्यावर मांडी घालून बसायचं आन दोन हातात दोन फळ्या, वल्हवायला. लोक म्हणले, बाईमाणूस पाण्यात? म्हणलं, माझं घर तर आधीच पाण्यात हाय, मी गेले तर काय झालं.

त्या पक्ष्यांनीच मला मासा शिकवला. ते जिथं सूर मारायचे तिथं बारीक मासा असायचा, आन बारकं असलं की त्याच्यामागं मोठं येणारच. मी त्यांच्याकडं बघून जाळं टाकायची. वीस-पंचवीस वर्सं असं चाललं. त्यांचं आन माझं एकच पाणी, एकच पोट. अंडी दिसायची, पिल्लं दिसायची, पण मी बेटावर पाय ठेवत नव्हते. काय कारण नाय, नव्हते ठेवत. बाळंतिणीच्या खोलीत आपण उगाच जातो का?

मंग वरच्या फाट्यावर कोंबडीची दुकानं झाली. पिसं, आतडी, सगळं मागं खड्ड्यात. त्याच्यावर कुत्री माजली, दहा-बारा. एका वर्षी धरणातून पाणी लवकर सोडलं. रस्ता पक्ष्यांची पिल्लं उडायच्या आधीच उघडा पडला. सकाळी मी तराफ्यावर, बघते तर कुत्री एकामागं एक, रस्त्यावरून, कशी तर लग्नाच्या वरातीला निघाल्यासारखी. मी वरडले, फळी आपटली. काय व्हतंय त्यानं. पक्षी वर उडून कालवा करत व्हते, खाली येऊन कुत्र्यांच्या टाळूवर मारत व्हते. तासाभरात बेट साफ झालं. एक कुत्रं तोंड चाटत आमच्याच रस्त्यावरून परत आलं आन माझ्याकडं बघून त्यानं शेपूट हालवलं.

पुढच्या वर्षीबी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी पक्षी निम्मेच आले.

तवा वनखात्यानं एक पोरगी पाठवली, गार्ड म्हणून. सुरगाण्याकडची, डोंगरातली. खाकी पँट, पायात बूट, गळ्यात दुर्बीण. पहिल्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसली, पाणी मागितलं आन म्हणाली, "आजी, तुम्हाला बेटाची माहिती हाय म्हणतात."

म्हणलं, "माहिती कसली. माझं वावर हाय त्याच्या बुडाशी."

तिनं सगळं केलं. रस्त्यावर बाभळीच्या काट्या रचल्या, त्या गुराख्यांनी बाजूला सारल्या. स्वतः काठी घेऊन उभी राहिली. पण माणूस जेवायला जातं, झोपायला जातं, कुत्र्याला काय घड्याळ हाय? मंग तिनं साहेबाकडून, पाटबंधाऱ्याकडून कागद आणला की रस्ता मधी तोडायचा. जेसीबी आली. माळाकडून शंभर पावलं गेली आन कडेच्या गाळात एका अंगाला बसली. दोन दिवस तिला काढायला लागले. सगळं गाव बघायला. थोरली जाऊ तर डबा घेऊन आली व्हती. ड्रायव्हरला म्हणली, "दादा, हा आमचा रस्ता हाय. त्यो तुला जाऊ द्यायचा नाय." आन खुश होऊन घरी गेली.

तिला खुशी व्हायला अजून एक कारण व्हतं. तिच्या चौदा-पंधरा शेळ्या. उन्हाळ्यात माळ करपला की त्या रस्त्यावरून ती शेळ्या बेटाच्या कडेला न्यायची. तिथं ओल असती, हिरवं असतं. तिचा थोरला मुलगा मनमाडला रेल्वेत हाय, पैसे देतो म्हणतो, पण तिला शेळ्याच पायजेत. शेळ्यांशिवाय ती म्हातारी बसून मरंल.

जेसीबी बसली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट सांगते. चैत्र चालू व्हता. बेटावर पिल्लं निघालेली, मुरमाच्या रंगाची, जवळून गेलं तरी दिसत नाय. गार्ड पोरगी ओट्यावर बसली आन पाण्याकडं बघत बोटांवर दिवस मोजायला लागली.

"आजी, पिल्लं उडायला अजून वीस-बावीस दिवस. पाणी असंच उतरलं तर रस्ता आठ दिवसात पूर्ण उघडा. यंदा परत गेली ना, तर पुढल्या वर्षी ते येणारच नाय. जागा सोडून देतात ते."

"कुठं जातील?"

"कुठं जातील आजी, असं उघडं बेट कुठं हाय? सगळीकडं माणूस हाय."

मला माहीत व्हतं रस्ता कुठं फुटतो. सगळ्या जगात ते मला एकटीलाच माहीत व्हतं, कारण बाकीच्या बाया एकेक करून गेल्या. पण ते सांगायचं म्हणजे आक्काच्या, माझ्या जावेच्या तोंडावर सांगावं लागणार. पन्नास वर्सं ती ज्या रस्त्याची शान सांगती, त्याच्यात खोट हाय म्हणून.

रातभर विचार नाय केला वगैरे. उठले आन गेले.

आक्का दारात शेळीचं दूध काढत व्हती. म्हणली, "आलीस? च्या घेतीस?"

म्हणलं, "आक्का, तो रस्ता वाटेत हातभर दबलेला हाय बघा. नाल्यावर. तिथलं पाणी सगळ्यात शेवटी उतरतं."

"हां. पाण्यानं दबला असंल."

"पाण्यानं नाय. तिथं खाली दगड नाय. नुसती माती हाय."

तिचा हात थांबला. "काय बोलतीस?"

"तिथं नाल्यावर मोरीचा पाईप यायचा व्हता. आला नाय. मुकादम म्हणला, नाल्यात पाणीच नाय तर मोरी कशाला, भरून घ्या. दगडानं भरायचं व्हतं. त्याच दिवशी तुम्हाला कळा लागल्या."

तिला आठवलं. तोंडावरून कळलं मला. तो दिवस कसा व्हता ते मीच विसरले नाय तर ती काय विसरंल. खडीच्या ढिगाआड आम्ही सहा जणींनी लुगडी धरली, आडोसा केला. ऊन असं की लुगडं हातात तापायचं. एक म्हातारी बाई सुईण झाली. डोळा गेलेली बाई डोकं मांडीवर घेऊन बसली. पाणी प्यायला मडक्यात तळाशी थोडं, ते सगळं तिला पाजलं. दुपार टळली तवा पोरगं रडलं. आन संध्याकाळी मोजमापाला साहेब यायचा व्हता. नाल्याचा भराव झाला नसता तर सगळ्या टोळीचं काम नामंजूर. मंग आम्ही जिथून मिळंल तिथून माती ओढली, नाला भरला, वरून हातभर खडी पसरली, पायानं तुडवली. साहेबानं वरून चालून बघितलं आन गेला. दगडकामातल्या म्हाताऱ्यानं काठी लावून बघितलं, आमच्या तोंडाकडं बघितलं आन काय बोलला नाय.

"तुम्ही बाळंत व्हता, तुम्हाला कुणी सांगितलं नाय," मी म्हणलं. "पुढं बी नाय सांगितलं. तुम्हाला त्या रस्त्याचं लय व्हतं."

शेळी पाय आपटायला लागली. आक्का म्हणली, "म्हंजी बाकीचा सगळा रस्ता दगडाचा, आन माझ्या पोरापायी तेवढा तुकडा पोकळ?"

"हां."

"आन तू पन्नास वर्सं माझी बढाई ऐकत बसलीस?"

"काय करणार. थोरल्या ना तुम्ही."

तिनं दुधाचं भांडं उचललं, आत जाऊन ठेवलं, बाहेर आली तवा हातात फावडं. म्हणली, "चल. दुसरं कुणी फोडण्यापरीस आपण फोडू. आन शेळ्यांचं काय ते त्या खाकीवालीला विचारते, चारा देती का म्हणावं."

गार्ड पोरीनं चारा आणून दिला. कुठून आणला, विचारू नका, तिच्या घरच्यांनी नागलीचा पेंढा टेम्पोत घालून पाठवला म्हणाली. आक्कानं पेंढा हातात घेऊन वास घेतला आन म्हणली, "डोंगराचा हाय, पण बरा हाय."

आम्ही सात जणी लागलो. मी, आक्का, सून, गार्ड पोरगी आन बचत गटाच्या तीन बाया. नाल्याच्या जागी रस्त्यावर अजून घोट्याएवढं पाणी व्हतं. पहिल्या दिवशी वरची खडी टिकावानं उकरली. कडक, सिमेंटवानी. सून म्हणली, "आई, तुम्ही म्हणलात माती हाय."

म्हणलं, "वरचा हातभर आम्ही लपवायला केला व्हता. लपवायचं काम नेहमी पक्कं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी टिकाव आत गेला तो गेलाच. खाली काळी माती, भिजून खव्यासारखी. बायांनी ओरडा केला. तिथून पुढं घमेल्यांची साखळी. माझी पाठ सरळ व्हायची नाय, तर मी बसूनच भरत व्हते. आक्का पंच्याहत्तरच्या पुढची, तिला उचलायला देत नव्हतो, तर ती बायांना शिव्या देत व्हती. "ए, घमेलं अर्धं भरून नेतीस? सुकडी मिळणार नाय हां तुला." नव्या बायांना सुकडी माहीत नाय, त्या नुसत्या हसायच्या.

गाववाले काठावर येऊन बसायचे. एक जण म्हणला, "म्हाताऱ्यांना येड लागलं. पाखरांपायी रस्ता फोडत्यात."

आक्का म्हणली, "तुझ्या बापानं बांधलाय का? आमचा हाय. बांधूबी आन फोडूबी."

कडेला पोचलो तवा माझ्या दगडांशी गाठ पडली. नाल्याच्या दोन्ही अंगाला खरं काम सुरू व्हत व्हतं, म्हाताऱ्यानं शिकवलेलं. आम्ही पहार लावून बघितली. गार्ड पोरीनं जोर लावला, सुनेनं लावला. एक दगड हालला नाय. मी हात लावून बघितला. बूड खाली, टोक वर, मधली चिप अजून जिथल्या तिथं. तिथं मी थांबा म्हणलं. पुढं फोडायची गरजबी नव्हती. वीस पावलांची फट झाली व्हती, आन नाल्याचं जुनं खोल तिच्यात पाणी धरून बसलं, कमरेच्या वर.

सहा दिवस लागले. सातव्या दिवशी रस्त्यावरची माणसं हटली तशी कुत्री आली. आम्ही काठावर बसलेलो. पुढचं कुत्रं फटीपर्यंत गेलं. थांबलं. पाण्याचा वास घेतला. एक पाय टाकला तर कडेच्या गाळात पोटापर्यंत गेला, तो त्यानं कसाबसा ओढून काढला. कुत्र्याला पोहता येतं, नाय असं नाय. पण आयती आतडी मिळत असताना ते उगाच पोहत नाय. मागची कुत्री त्याच्यावर येऊन धडकली, त्यांची आपसात जुंपली, आन सगळी आल्या वाटेनं परत.

आक्कानं ढेकूळ भिरकावलं त्यांच्यामागं. लागलं नाय. पण तिला लय बरं वाटलं.

तरी आम्ही राखण सोडली नाय. रोज कुणीतरी फटीपाशी. पाणी उतरत व्हतं, फटीतलंबी कमी होत व्हतं. कमरेवरून मांडीवर आलं, मांडीवरून गुडघ्यावर. मी दर सकाळी काठी घालून बघायची. विसाव्या दिवशी गुडघ्याच्या खाली व्हतं. तोपर्यंत पिल्लांचे पंख फुटले व्हते, ती बेटाच्या टोकाशी पाण्यावर झेपा घ्यायची, पडायची, पोहत काठाला यायची. बाविसाव्या दिवशी गार्ड पोरीनं दुर्बीण माझ्या डोळ्याला लावली. मला काय दिसंना, नुसतं पांढरं पांढरं. मंग तिनं कायतरी फिरवलं आन एकदम पक्षी एवढा समोर आला की मी मान मागं घेतली. अंगावर अजून पिल्लाचे तपकिरी ठिपके, चोच पुरती पिवळी नाय झालेली, आन पाण्यावर तरंगत राहिल्यासारखा उडत व्हता. आईबाप शेजारून. गार्ड पोरगी मोजायला लागली. मी म्हणलं, तू मोज, तुझं काम हाय ते. मला एक दिसला तेवढा बास.

साहेब लोक आले नंतर. हार घातला आक्काला आन मला. एकानं विचारलं, "आजी, तुम्हाला कसं काय सुचलं?" आक्का म्हणली, "माझं बाळंतपण झालं तिथं, आम्हाला जागा माहीत हाय." साहेबाला काय कळलं नाय, त्यानं मान डोलावली.

त्याला आता चार उन्हाळे झाले. फटीत दर पावसाळ्यात गाळ भरतो, म्हणून पाणी उतरायला लागलं की, पक्षी यायच्या आधी, आम्ही जाऊन उपसतो. यंदा आम्ही नऊ जणी झालो, नांदगावला दिलेली पुतणीबी आली. यंदा जरा उशीर झाला, पक्षी आधीच येऊन अंड्यांवर बसले व्हते. आम्ही फावडं लावलं की ते वरून सूर मारत यायचे, डोक्यावर चोच मारायचे, हगायचे. त्यांना काय माहीत आम्ही कोण. सून वैतागली. आक्का म्हणली, "मारू दे गं. लेकरंबाळं हायत त्यांची." मी पदर दुहेरी करून डोक्यावर घेतला आन घमेलं पुढं सरकवलं.